फायनलचा कौल

वाटूर फाटा
२४ मार्च २०२४, होळी

मोनिका,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं न्हाई अन् खाली 'आशीर्वाद' येणार न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. शोधत बसू नको.

जर्सी परत पाठवून राह्यलो. घडी मोडलेली दिसंल, ती तुझ्या मायनं मोडली. मी हात लावला न्हाई. खांद्यात जरा ढिली हाय, दुकानदाराकडून एक नंबर लहान बदलून घे अन् ज्याला घालायची त्याला घाल. नोकरी लागल्यापास्नं दरसाली मार्चात तू हैदराबादच्या टीमची एक जर्सी मला पाठवत आलीस, ते ठीक होतं. यंदा पाठवायला नको होती. तेवढं कळायला पाहिजे होतं तुला.

गेल्या जुलैत तू तिकडं हैदराबादेत त्या मल्लेशसंगं कोर्टात सह्या करून लग्न केलंस अन् मला चौथ्या दिवशी फोनवर सांगितलंस. पाचव्या दिवशी गोरक्षदादानं भंडाऱ्याचं ताट माझ्यापुढं धरलं. थोरला भाऊ, त्याच्यापुढं काय बोलणार? भावकीची माणसं बसल्ती. मी खंडोबाचा भंडारा उचलला अन् म्हनलो, पोरीशी बोलणार न्हाई, हैदराबादेत पाय ठेवणार न्हाई, तिला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई. आपल्यात उचललेला भंडारा माणूस आपल्या मर्जीनं खाली ठेवत न्हाई, हे तुला लहानपणापास्नं माहीत हाय. लिहिणार न्हाई, असं मातर मी म्हनलो नव्हतो. दादा म्हनतो ही पळवाट हाय. असंल.

तुझ्यासंगं तुझं शहर सोडलं अन् शहरासंगं टीमबी सोडली. यंदापास्नं मी मुंबईचा. बराबर विचार करून झालोय. पाच कप हायेत, आपल्या राज्याची राजधानी हाय. आता तू म्हनशील, आप्पा, तुम्हीच तं म्हनायचे, मुंबईनं आपल्याला मंत्रालयातले धक्के सोडून काय दिलं? तुम्हीच म्हनायचे, आपला आजा मेंढरं विकायला हैदराबादेला जायचा, निजामाच्या राजात आपली राजधानी तीच होती, आपल्या तोंडात अजून तिथलेच शब्द हायेत, मंग टीमबी तीच. म्हनायचो. माणूस पुष्कळ बोलतो. बापाचं बोलणं पोरीनं एवढं मनावर घ्यायचं नसतं.

काल तुझी टीम पहिलीच म्याच कलकत्त्यात हरली म्हनं. मी बघितली न्हाई, धर्मराजच्या हॉटेलात चहाला गेल्तो तवा टीव्ही चालू होता, एवढंच. शेवटच्या ओव्हरला तेरा पाहिजे होते. पहिल्याच बॉलला सिक्स बसला, मंग राह्यले पाच बॉलात सात. पाच बॉलात सात, मोनिका! शाळेतलं पोरगं काढंल. तरी चार रननं हरले. मला बरं वाटलं.

काकासाहेब


२८ मार्च

मोनिका,

उत्तर आलं न्हाई तरी लिहून राह्यलो, कारण पोटात आग पडलीय.

दोनशे सत्याहत्तर! मी मुंबईचा होऊन चार दिवस झाले न्हाईत अन् तुझ्या शहरानं मुंबईला दोनशे सत्याहत्तर हाणले. आजवर कुनी हाणले नव्हते एवढे. माझं नशीबच असलं. धर्मराज आधीच वात्रट, त्यात त्याला सगळं माहीत. दर सिक्सला चहाचा ट्रे घेऊन माझ्यापुढं उभा राहायचा अन् म्हनायचा, "काकासाहेब, टाळी वाजवायची का न्हाई? तुमचा कायदा काय म्हनतो?" पंधरा वर्षांची सवय हाय. हात दोनदा आपोआप वर गेले. डोकं खाजवल्यासारखं केलं अन् खाली घेतले.

टीव्हीत सारखं ते उप्पलचं मैदान दाखवत होते. तू बारावीचा शेवटचा पेपर दिलास त्या उन्हाळ्यात आपण दोघं तिथं गेल्तो, आठवतं का? परतूरहून सकाळची देवगिरी एक्सप्रेस धरली. तुझ्या मायनं दशम्या दिल्त्या, त्या तू गेटवरच्या पोलिसाला दिल्यास, कारण त्यो आत नेऊ देईना अन् तुला फेकवेनात. म्याच काय झाली मला आता सांगता येणार न्हाई. तू भारी ओरडत होतीस. परत येताना गाडीत म्हनलीस, "आप्पा, मी इथंच नोकरी करीन." अन् मी येड्यावानी सगळ्या डब्याला सांगत सुटलो का माझी पोरगी हैदराबादेत नोकरी करणार.

आता भावकी म्हनती, काका, पोरीला रस्ता तूच दाखवला. तिकीटबी तूच काढलं. दुकानात जळालेल्या मोटारींचा ढीग पडलाय, विहिरींना पाणी न्हाई, कोरड्या मोटारी चालवून लोक कॉइल जाळून आणतात. दिवसभर तार भरतो. लहानपणी तू बाजूला बसून तारेचे फेरे मोजायचीस. आता मलाच मोजावे लागतात, चुकतो.

मी मुंबईचाच हाय. उगं काही समजू नको.

काकासाहेब


९ एप्रिल, पाडवा

मोनिका,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. तुझ्या मायनं तीनदा वाचून घेतलं, मलाच वाचायला लावलं, चष्मा सापडत न्हाई म्हनली. चष्मा तिच्या डोक्यावर होता.

एकेकाचं उत्तर देतो. तू लिहिलंस, मल्लेश चेन्नईचा फॅन हाय. पोरगा हैदराबादचा, जन्म हैदराबादचा, अन् टीम चेन्नईची! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. तुम्ही दोघं शुक्रवारी उप्पलला गेल्तात, तू नारंगी अन् त्यो पिवळा. मी ती म्याच बघत नव्हतो, पण कॅमेरा गर्दीवर गेला का नजर जाती. अर्धं मैदान पिवळं होतं. स्वतःच्या घरात पाव्हण्याचा रंग लावून बसलेले लोक! असल्या शहराचा काय भरोसा धरायचा? तू दिसली न्हाईस.

मुंबईचंबी सांगतो, तू इचारलंस म्हनून. मुंबई मी सोडली. नवा कप्तान केला तं त्याच्याच घरच्या मैदानात त्याच्याच लोकांनी त्याची हुर्रेवडी उडवली. हारला-जितला ते नंतर, पण आपल्या माणसाला आपल्याच दारात असं करायचं? मला पाहवलं न्हाई. उठून आलो. धर्मराज म्हनला, "तुम्हाला बोलायचा काय हक्क हाय, काकासाहेब?" मी त्याच्या हॉटेलात तीन दिवस गेलो न्हाई. चौथ्या दिवशी गेलो, दुसरा टीव्ही कुठं हाय फाट्यावर?

दुसरं. तू लिहिलंस, मल्लेशची माणसंबी मेंढरंवालीच, कुरुमा म्हनतात, अन् त्यांचा मल्लन्ना म्हंजे आपलाच खंडोबा, तिकडंबी हळद उधळतात. मी दादाला सांगितलं. त्यो म्हनला, "मंग एवढं काऊन झालं?" त्यालाच इचार. त्यानंच ताट धरलं होतं. मला तं जातीचं पहिल्यापास्नंच काही न्हाई. मला इचारलं न्हाईस, हे हाय. इचारलं असतं तं मी न्हाई म्हनलो असतो, ते खरं. पण इचारायचं तं होतं. न्हाई म्हनायचा तेवढा मान बापाचा राहू द्यायचा होता.

तिसरं. सातवा संपत आला, पहिलं बाळंतपण माहेरी असतं, असं तू लिहिलंस. रीत मला माहीत हाय. रीत मलाच सांगायला निघालीस? बापानं न्यायला यायचं असतं, पोरीनं दारात ओटी घेऊन निघायचं असतं. पण ज्या पोरीला दारातून लावून दिलंच न्हाई तिला आणायला कुठून निघू? मी भंडारा उचललाय. तू हा विषय पुन्हा लिहू नको.

तुझ्या मायनं पाडव्याला पुरण घातलं न्हाई.

काकासाहेब


२२ एप्रिल

मोनिका,

तू विषय पुन्हा लिहिला न्हाईस. बरं केलंस. दीड पानात सगळा पगार अन् पाण्याचा टँकर. तिकडंबी टँकर येतो म्हंजे मोठं शहर असून उपयोग काय?

माझं काय चाललंय सांगतो. मुंबईनंतर मी बंगलोर धरलं. म्हनलं, सोळा वर्षं झाली, एक कप न्हाई, तरी लोक दर मार्चात म्हनतात यंदा आपलाच. असली आशा ठेवणारी माणसं मला आवडतात. सोमवारी धरलं अन् सोमवारीच तुझ्या टीमनं त्यांच्या मैदानात जाऊन दोनशे सत्याऐंशी! मंग दिल्ली धरली. दिल्लीनं नाव बदललं, जर्सी बदलली, नशीब तेवढं बदलायचं राह्यलं. शनिवारी दोनशे सहासष्ट, पहिल्या सहा ओव्हरीतच सव्वाशे. धर्मराज म्हनतो, "काकासाहेब, तुम्ही ज्याच्या बाजूनं उभे राहता त्याला हैदराबाद धुऊन काढते. एकदा माझ्या भाडेकरूच्या बाजूनं उभे राहा." सगळं हॉटेल हसलं. मीबी हसलो.

पुण्याची टीम धर असं संपत म्हनला, आपला पाना-पकडीवाला. त्याला म्हनलं, बाबा, कुठली? पुण्याला दोनदा टीम भेटली, दोनदा उठून गेली. दुसऱ्या बारीला एका रननं फायनल हरले, तीबी मुंबईकडून, तीबी उप्पलला. पुण्याचं तसंच हाय. आपली शंभर पोरं तिथं खोल्या घेऊन परीक्षांचा अभ्यास करतात, दहा वर्षं राहतात, अन् पुणं त्यांना शेवटपर्यंत इचारतं, तुम्ही मूळचे कुठले? हैदराबादनं निदान तुला तसं इचारलं नसंल. इचारलं का?

अन् आपल्या जालन्याला टीम कोन देणार? स्टील हाय, मोसंबी हाय, बियाणं हाय. खेळणारी पोरंबी हायेत. फाट्यावरची पोरं टेनिस बॉलनं खेळतात तसं कुनी खेळत न्हाई. पण शहर लागतं म्हनतात. आपण नेहमी दुसऱ्याच्याच शहराला आपलं म्हनायचं, अन् मंग त्यानं आपलं माणूस ठेवून घेतलं का बोंबलायचं.

घरात तुझी माय माझ्याशी बोलत न्हाई. कामापुरतं बोलती, तेबी भिंतीला. "डॉक्टरनं मे-अखेर सांगितलीय," असं काल भिंतीला सांगत होती. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून राह्यली. डिंक निवडती. मी म्हनलं, हे कुनासाठी? तं भिंतीला म्हनली, "शेजारच्या मीनासाठी." मीनाचं तिसरं पोरगं आठवीत हाय.

काकासाहेब


१० मे

मोनिका,

थोडक्यात लिहितो. लखनौ मी धरली नव्हती, अल्ला कसम. कुनालाच धरलं नव्हतं. तरी परवा तुझ्या टीमनं एकशे सहासष्ट दहा ओव्हर व्हायच्या आत काढले, विकेट न देता. दहाच्या आत! मी बसल्या जागी उठलो अन् पुन्हा बसलो. असं खेळताना आजवर मी कुनाला बघितलं न्हाई. पंधरा वर्षं वाट बघितली अन् ज्या साली भंडारा उचलला त्याच साली हे असं खेळायचं होतं काय? हे मी टीमला इचारून राह्यलो.

तुझे पाय सुजतात असं तू मायला धाडलेल्या पत्रात होतं. मीठ कमी कर. उशाला न्हाई, पायाखाली लोड घे. हे तुझी माय म्हनती.

काकासाहेब


२५ मे

मोनिका,

हे पत्र तुझ्या हातात पडंल तवर निकाल लागलेला असंल. तरी लिहून ठेवतो, काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं.

मंगळवारी गोरक्षदादा दुकानात आल्ता. अर्धा तास मोटारींकडं बघत बसला, मंग म्हनला, "काका, भंडारा उचलला तो उचलला. पण देवाला इचारता येतं. देवळात जाऊ, कौल लावू. मूर्तीला दोन्हीकडं दाणे चिकटवू. उजवा आधी पडला तं देवानं तुला मोकळं केलं. तूबी जा, मोनिकाच्या मायलाबी ने." मोनिका, हा तोच माणूस, दहा महिन्यांमागं ताट धरून उभा होता! मला आधी राग आला. मंग भीती वाटली. म्हनलं, डावा पडला तं? डावा पडला तं पुन्हा कुनाला इचारायचं?

म्हनून मी देवळात गेलो न्हाई. आज जातो, उद्या जातो म्हनत राह्यलो.

अन् काल तुझ्या टीमनं राजस्थानला हरवलं. फायनल! धर्मराजच्या हॉटेलात वीस-एक माणसं होती. शेवटचा बॉल पडला तवा एक टाळी मोठ्यानं वाजली. बघतो तं माझीच. सगळे हसले. धर्मराज म्हनला, "सुटला भंडारा!" तसा माझा तोल गेला. खिशात भंडाऱ्याची पुडी असतेच, ती काढली, कपाळाला लावली अन् उभा राहून म्हनलो, "ऐका सगळे. माझा कौल फायनलला. रविवारी हैदराबाद जिंकली तं भंडारा उतरला, मी सोमवारी तुमच्या वहिनीला घेऊन स्वतः हैदराबादेला जातो. हरली तं या घरातलं कुनी तिकडं जाणार न्हाई. खंडोबाची आण."

संपत म्हनला, "काकासाहेब, देवाचा कौल देवाला लावावा." मी म्हनलं, देवच हाय तिथं.

खरं सांगतो, मला वाटलं मी शहाणपणा केला. दाणा कुठं पडंल ते सांगता येत न्हाई. ही टीम यंदा कुनाच्या बापाला ऐकत न्हाई. कलकत्त्यानं दोनदा हरवलंय, माहीत हाय, पण तिसऱ्यांदा न्हाई. मला वाटलं, माझी मान खाली न जाता मला तुझ्याकडं येता येईल, एवढा एकच रस्ता हाय, अन् त्यो अकरा पोरांनी झाडून ठेवलाय. मी तुझ्या मायला सांगितलं, पिशवी भर. तिनं कवाच भरून ठेवली होती. पिशवी दाराआड होती अन् मला दहा दिवस दिसली न्हाई.

मी माझे दोन शर्ट त्यात टाकलेत.

काकासाहेब


२७ मे

मोनिका,

एकशे तेरा.

तू बघितलं असशील. त्या अवस्थेत बघायला नको होतं, पण तू बघितलंच असशील. फायनलात एवढे कमी कुनी केले नव्हते म्हनतात. सगळ्या हंगामात ज्यांनी दुनिया जाळली ते चेन्नईच्या मैदानात एकापाठोपाठ एक असे निघून आले जसं कुनी घरी बोलावणं धाडलं. कलकत्त्यानं अकराव्या ओव्हरीतच संपवलं. कलकत्त्याशी माझं काही वैर न्हाई, त्या शहरात मी कधी गेलो न्हाई, तिथल्या कुनाचं मी वाईट केलं न्हाई.

मी रडलो. सरळच लिहितो. हॉटेलात सगळ्यांसमोर. धर्मराजनं टीव्ही बंद केला. चहा आणून ठेवला. त्याच्या तोंडातून शिवी निघाली असती तं बरं वाटलं असतं.

घरी येऊन तुझ्या मायला म्हनलं, "कौल डावा पडला. पिशवी रिकामी कर." तिनं माझे दोन शर्ट काढून खाटेवर ठेवले अन् पिशवीची चैन लावली. आज सकाळी अंघोळ करून, नवं लुगडं नेसून दारात उभी राह्यली. मी म्हनलं, सत्यशीला, देवाचा कौल हाय. दहा महिन्यांत पहिल्यांदा ती भिंतीला न बोलता माझ्याकडं बघून बोलली. म्हनली, "चेन्नईत पोरं आउट झाली म्हनून माझ्या लेकीनं एकटीनं बाळंत व्हायचं व्हय? कौल तुम्ही लावला. भंडारा तुम्ही उचलला. मला तवा कुनी इचारलं? मी दारामागं उभी होते. माझ्या हाताला हळद न्हाई."

तुला जे दोन महिने लिहून राह्यलो, मला इचारलं न्हाई, मला इचारलं न्हाई, तेच ती बोलली.

फाट्यावर जीप भेटेना म्हनून मोटारसायकलवर परतूरला मीच सोडलं. पिशवी मीच डब्यात चढवली. ती खिडकीत बसली अन् म्हनली, "चला." एवढंच. शेजारची जागा रिकामी होती. गाडी थांबती दोन मिनिटं. दोन मिनिटात माणूस चढू शकतो, म्हाताऱ्या बाया चढतात. मी कठड्याला धरून उभा राह्यलो. गाडी सुटल्यावर स्टेशनात एक पोरगा कलकत्त्याची जर्सी घालून केळी खात होता, त्याला उगाच खेकसलो.

तुझी माय पोचली असंल. तिला सांग, गॅस बंद करायला विसरलो न्हाई.

काकासाहेब


२ जून

मोनिका,

काल दुपारी मी दुकानात बोअरच्या मोटारीची कॉइल भरत होतो. फोन वाजला. तुझा नंबर मी बंद करून टाकलाय, पण हा तुझ्या मायचा होता. पडद्यावर सत्यशीला आलं. पाच दिवसांत तिनं फोन केला नव्हता. वार्निशच्या हातानंच उचलला.

आवाज तुझा आला.

"आप्पा," म्हनलीस, "मी बोलतेय. मुलगी झाली. सकाळी सात-चाळीसला. दोन किलो आठशे." मंग थांबलीस. मी बोललो न्हाई. तू म्हनलीस, "आई म्हनती कपाळ तुमच्यावर गेलंय." मी बोललो न्हाई. मंग तू फोन तिच्याजवळ नेला असशील, कारण एकदम बारीक आवाज आला, रडण्याचाबी न्हाई, नुसता कुरकुर केल्यासारखा. दुकानात पंखा चालू होता, तो मी हात लांब करून बंद केला. मला बराबर ऐकू आलं.

तू म्हनलीस, "आप्पा, नाव तुम्ही सांगा. मल्लेशचे वडील म्हनले, नाव मोनिकाच्या बापाला इचारा, तवर बारसं थांबवू." इचारा म्हनले. त्या माणसाला मी कधी बघितलं न्हाई, त्याच्या पोराला मी नावं ठेवत राह्यलो, अन् त्यो म्हनतो, इचारा.

नाव मला तवाच सुचलं. जिभेवर होतं. तोंड उघडलं, अन् तोंडात भंडारा भरल्यावानी झालं. भावकी दिसली, धर्मराजचं हॉटेल दिसलं, उभा राहून आण घेणारा मी दिसलो. देव काही दुकानात येऊन बसला नव्हता, मोनिका. तिथं मी अन् ती मोटार, तिसरं कुनी न्हाई. एक शब्द बोललो असतो तं कुनाला कळणार होतं? दहा महिने मी म्हनत आलो, भंडाऱ्यानं माझं तोंड बांधलंय. काल कळलं, बांधायला त्याची गरज नव्हती.

नाव इथं लिहीत न्हाई. तू म्हनशील, लिहायला तं तुम्हाला चालतं. एवढे कागद खरडलेच ना? चालतं. पण नाव पाकिटात घालून पोस्टानं धाडायची गोष्ट न्हाई, ते लेकराच्या कानात सांगायचं असतं. ते तुम्ही तुमचंच ठेवा. मल्लेशच्या बापाला सांग, त्यांनी ठेवावं, माझा नमस्कार सांग.

तू तीनदा "आप्पा" म्हनलीस. चौथ्यांदा "हॅलो" म्हनलीस. मंग फोन बाजूला करून मायला म्हनलीस, "रेंज न्हाई वाटतं तिकडं," अन् तुझी माय काहीच बोलली न्हाई. तिनं तुला अजून सांगितलं नसंल, तिला कळलंय. म्हनून मीच सांगतो.

रेंज बराबर होती, मोनिका.